बीज ते षष्ठी: देहूहून पैठणला, पाच तिथ्यांचा प्रवास

फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज आणि वद्य षष्ठीला पैठणात नाथषष्ठी. मधे तीनच तिथ्या. या पाच दिवसांत देहू, आळंदी, आळे, शनिशिंगणापूर, नेवासे आणि पैठण ही ठिकाणं सलग जोडता येतात. ज्यांना छळलं, मारलं, वाळीत टाकलं आणि तरी ज्यांनी उलटा हात उगारला नाही, अशा संतांच्या बऱ्याच कथा याच पट्ट्यातल्या. ज्ञानोबा आणि त्यांची भावंडं पैठणहून नेवाशामार्गे आळंदीला परतली होती. आपण उलट दिशेनं जातो, कारण तिथ्यांचा क्रम तसा आहे.

निघण्याआधी पंचांग नीट बघावं. तिथीचा क्षय झाला तर पाचाचे चार दिवस होतात, वृद्धी झाली तर सहा. चतुर्थीला संकष्टी येते, पंचमीला रंगपंचमी. रंगपंचमीच्या दुपारी वाटेतली गावं बंद असतात आणि मोटारसायकलवरची पोरं कुणालाच सोडत नाहीत, म्हणून त्या दिवशीचा प्रवास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करायचा. मधला एखादा दिवस शनिवार असेल तर शिंगणापूरसाठी तीन-चार तास जास्तीचे धरा. उन्हं मार्चची. डोक्याला उपरणं आणि पाण्याची मोठी बाटली, एवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. यातल्या बऱ्याच कथा आज ज्या रूपात माहीत आहेत ते रूप संतचरित्रकार महिपतींनी अठराव्या शतकात दिलेलं आहे. म्हणजे तुकोबांनंतर शंभरेक वर्षांनी, एकनाथांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी आणि ज्ञानोबांनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी. घटना अशीच घडली का, हा वाद रस्त्यात करत बसण्यात अर्थ नाही. समाजानं कोणती कथा जपली आणि तिच्यात शिक्षा कोणाच्या हाती ठेवली, हे बघत जावं.

पहिला दिवस, वद्य द्वितीया: देहू

पुणे-लोणावळा लोकलनं देहूरोड, तिथून पुढं बस किंवा शेअर रिक्षा. बीजेला गाड्या गावाबाहेरच अडवतात, शेवटचा टप्पा चालतच. मुख्य सोहळा वैकुंठगमन मंदिरापाशी, नांदुरकीच्या झाडाखाली. सकाळी कीर्तन होतं, दुपारी बाराच्या सुमारास झाडावर फुलं उधळतात, आणि त्या क्षणी नांदुरकी हलते अशी श्रद्धा आहे. गर्दीत मागं राहिलात तर झाड दिसत नाही, फक्त हात वर गेलेले दिसतात. ज्यांना सोहळ्यापेक्षा जागा बघायची आहे त्यांनी पहाटे काकड्यालाच मुख्य मंदिर गाठावं.

मुख्य मंदिराच्या आवारात शिळा मंदिर आहे. आताची दगडी वास्तू जून २०२२ मध्ये खुली झाली. आतली शिळा मात्र तीच, जिच्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना बसले असं मानतात. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला की शूद्रानं वेदांचा अर्थ मराठीत सांगणं हा अधर्म. वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. पुढं वह्या तरल्या, ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मधल्या तेरा दिवसांकडं मात्र फारसं कुणी बघत नाही. त्या दिवसांत तुकोबा वाघोलीला भांडायला गेले नाहीत, माणसं जमवली नाहीत, आणि गप्पही राहिले नाहीत. ते विठ्ठलाशी भांडले. तक्रार होती, रागही होता; फक्त पत्ता वेगळा होता.

आणि वह्या वर आल्यावर काय म्हणाले? ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला । जनाचिया बोलासाठीं । चित्त क्षोभविलें ॥’ तेरा दिवसांचा उल्लेख याच अभंगात येतो. ज्याच्या वह्या बुडवल्या तोच माणूस ‘अन्याय’ हा शब्द स्वतःपुढं लावतो, तोही देवाला ताटकळत ठेवल्याबद्दल. विरोधकाचं नाव या अभंगात नाही.

रामेश्वर भटांची पुढची कथा अशी, की अनगडशहा फकिराच्या शापानं त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला. शाप तुकोबांनी दिला नव्हता, हे कथेनं काळजीपूर्वक राखलं आहे. भट आळंदीला ज्ञानोबांपुढं अनुष्ठानाला बसले, तिथं दृष्टांत झाला की तुकोबांनाच शरण जा. त्यांनी निरोप धाडला. उलट टपाली तुकोबांनी अभंग पाठवला: ‘चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती। व्याघ्रही न खाती सर्प तया ॥’ अभंग वाचला आणि दाह शमला. म्हणजे दैवी न्याय आलाच. पण ज्याच्या वतीनं तो आला त्यानंच तो मागं घेतला. सूड न घेणं इथवर अनेकांना जमतं. शत्रूला शिक्षा होत असताना ‘बरं झालं’ म्हणून बघत न बसणं, हे त्यापुढचं आहे आणि फार अवघड. पुढच्या मुक्कामांवर हीच पायरी पुन्हा भेटते.

संध्याकाळच्या आरतीला थांबा. ‘आरती तुकारामा’ रामेश्वर भटांचीच. शेवटच्या कडव्यात त्यांची नाममुद्रा आहे, ‘म्हणोनी रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें’. ज्यानं वह्या बुडवायला लावल्या त्याचीच रचना रोज म्हटली जाते.

मंबाजींची कथा गावातच घडलेली. तुकोबांची म्हैस मंबाजी गोसाव्यांच्या बागेत शिरली. पुढं एकादशीला येणाऱ्या लोकांच्या पायात कुंपणाचे काटे रुततील म्हणून तुकोबांनी ते बाजूला केले, तर मंबाजींनी त्याच काटेरी फोकांनी त्यांना झोडपलं. रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत, तेव्हा तुकोबा त्यांच्या घरी गेले, मारून मारून हात दुखत असतील म्हणाले आणि त्यांचे हात-पाय चेपू लागले. ही कथा सांगताना कीर्तनकार हमखास हशा पिकवतात. पण इथं एक धोका आहे. हेच वाक्य टोमणा म्हणून उच्चारलं तर तो सूडच होतो, थोडा सभ्य इतकंच. मंबाजींची मनधरणी करून त्यांना कीर्तनाला आणलं, हा कथेचा शेवट म्हणून महत्त्वाचा; टोमणा मारणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही.

वह्यांच्या आधी याच नदीत तुकोबांनी सावकारीची खतं बुडवली होती. भाऊ कान्होबांच्या वाट्याची निम्मी त्यांना देऊन टाकली, आपली निम्मी पाण्यात. वसुलीचा हक्क सोडताना दुसऱ्याचा हक्क सोडायचा अधिकार आपल्याला नाही, हे भान त्यात आहे. दुसऱ्यावर झालेला अन्याय परस्पर माफ करणाऱ्यांनी ही वाटणी लक्षात ठेवावी.

गाथा मंदिरात भिंतींवर संगमरवरात सगळी गाथा कोरलेली आहे. ठरावीक अभंग शोधायचा तर क्रमांकावर विसंबू नका. गाथेच्या प्रत्येक आवृत्तीत क्रमांक वेगळे असतात. पहिली ओळ लिहून न्यावी. भंडारा डोंगर उन्हं उतरल्यावर करावा, दुपारी नाही.

दुसरा दिवस, वद्य तृतीया: आळंदी

देहूहून मोशीमार्गे आळंदी तासाभराच्या आत. एकादशी नसल्यानं रांग आटोक्यात असते, पण आधी समाधीकडं न वळता सिद्धबेटावर जावं. बहिष्कृत झाल्यावर विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई मुलांना घेऊन इथं राहिले. संन्यासातून पुन्हा संसारात आल्याबद्दल धर्मसभेनं देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. दोघांनी देह ठेवले, आणि त्यानंतरही मुलांना कुणी जवळ केलं नाही. इंद्रायणीचं पाणी इथं अनेकदा फेसाळलेलं असतं. वरच्या बाजूची गटारं आणि कारखान्यांचं सांडपाणी हे त्याचं कारण. आचमनाचा मोह टाळावा, हात जोडणं पुरे.

ताटीची कथा इथल्याच झोपडीची. गावात भिक्षेला गेलेल्या ज्ञानोबांना कुणी टाकून बोललं. ते परतले आणि आत जाऊन दाराची ताटी लावून घेतली. पुढं ज्यांनी विश्वासाठी मागणं मागितलं ते रागावून आत बसले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची कथा कळत नाही. संयम हा त्यांचा जन्मजात स्वभाव म्हणून परंपरेनं दाखवलेला नाही. धाकट्या बहिणीला बाहेर उभं राहून समजूत घालावी लागली. पारंपरिक सालं धरली तर मुक्ताबाई तेव्हा लहान मुलगीच होती.

ताटीचे अभंग बेचाळीस मानले जातात. सिद्धबेटावर सावली धरून सगळे वाचायला पाऊण तास लागतो. घाई असेल तर निदान दोन. पहिल्यात म्हटलंय, ‘योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥ विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥’ दुसऱ्यात, ‘जीभ दातांनी चाविली । कोणें बत्तीशी तोडिली ॥’

समजूत घालण्याची तिची पद्धत बारकाईनं बघण्याजोगी आहे. तुझा अपमान झालाच नाही, असं ती कुठंच म्हणत नाही. विसरून जा, असंही नाही. आधी ती भावाला तो कोण आहे याची आठवण देते, मग आगीवर आग घातली तर काय होईल ते दाखवते, आणि शेवटी जीभ-दातांच्या ओळीत मारणारा आणि मार खाणारा एकाच तोंडात बसवून टाकते. दात पाडले तर जेवणार कोण? क्षमेची बाकीची प्रवचनं या एका ओळीपुढं फिकी वाटतात. दुखावलेल्या माणसाला समजावताना हल्ली लोक नेमकी उलटी सुरुवात करतात, ‘जाऊ दे, एवढं काय त्यात’ अशी, आणि ताटी आणखी घट्ट लागते.

समाधी मंदिरात अजानवृक्ष आणि त्याहून जुनं सिद्धेश्वराचं स्थान बघून घ्या. संजीवन समाधीची तिथी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे १२९६. गावाबाहेरची भिंत सगळे चांगदेवांच्या भेटीसाठी बघतात. विसोबांची आठवण तिथं फारसं कुणी काढत नाही. मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळू नये म्हणून ज्यांनी आडकाठी केली, ते हेच विसोबा. ज्ञानोबांनी मग स्वतःच्या पाठीवर मांडे भाजू दिले. हे पाहून विसोबा शरण आले आणि पुढं नामदेवांचे गुरू झाले. छळणाऱ्याचं नाव संतांच्या यादीत जातं, हा वारकरी कथांचा ठरलेला न्याय.

तिसरा दिवस, वद्य चतुर्थी: आळे, शिंगणापूर

सर्वांत लांब पल्ल्याचा दिवस. चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. तिथून कल्याण-नगर महामार्गानं टाकळी ढोकेश्वरवरून अहिल्यानगर. पहाटे निघालं नाही तर चाकणच्या कारखान्यांची वाहतूक तास-दीड तास खाते. आळेफाट्याजवळ आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर इथं गेला, असं सांगतात. अर्ध्या तासात दर्शन होतं.

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर घोडेगाव, तिथून आत वळलं की शनिशिंगणापूर. फाट्यापासूनच पूजासाहित्य घेण्यासाठी मागं लागणारे भेटतात. गाडीला ‘इथं लावा, फुकट’ म्हणणारा पुढं ताटाची किंमत सांगतो. ताट घेणं बंधनकारक नाही. तेल वाहायचं असेल तर भाव आधी विचारावा. जमिनीवर तेल सांडलेलं असतं, अनवाणी पाय घसरतात. वृद्धांचा हात धरावा.

उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा, वर छप्पर नाही. गावातल्या जुन्या घरांना चौकट आहे, दार नाही. जनावरं शिरू नयेत म्हणून फळी टेकवतात. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही त्यामागची श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेनं इथं कुलूप नसलेली शाखा उघडली, तिची बातमी देशभर झाली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं. चोरीच्या तक्रारी त्याआधीच नोंदल्या गेल्या होत्या. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर चौथऱ्यावर स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. देवाच्या न्यायावर भरवसा असलेल्या गावालाही ठाणं आणि कोर्ट वर्ज्य नाही, आणि त्यात विसंगतीही नाही. तक्रार नोंदवणं म्हणजे सूड नव्हे. सूड तिथं सुरू होतो, जिथं समोरच्याचं नुकसान आपल्या हातानं आणि आपल्या डोळ्यांदेखत व्हावं असं वाटू लागतं.

रांगेत उभं राहिलं की माणसं पुटपुटताना ऐकू येतात. कुणाची भाऊबंदकी, कुणाचे बुडालेले पैसे, कुणाची सून. ‘बघून घे त्याला’ हे मागणं देवापुढं ठेवणं हाताने मारण्यापेक्षा कितीतरी बरं, यात शंका नाही. पण त्यात एक फट राहते. शिक्षा देवाकडं सोपवली, तिचा प्रकार आणि मुदत मात्र आपण ठरवली. मग वर्ष-दोन वर्षं काही झालं नाही की माणूस देवावर चिडतो, आणि शेजाऱ्याच्या घरी दुखणं आलं की मनात हिशोब जुळवतो. या फटीतून निसटलेला संयम बाहेरून शांत दिसतो आणि आत धुमसत राहतो.

संकष्टी असल्यास चंद्रोदय उशिरा असतो. उपास सोडायची सोय मुक्कामावर आधीच बोलून ठेवावी. मुक्काम शिंगणापूरला भक्तनिवासात किंवा थेट नेवाशात.

चौथा दिवस, वद्य पंचमी: नेवासे

शिंगणापूरहून नेवासे जवळच. रंगपंचमीमुळं सकाळी नऊच्या आत पोचलेलं बरं. एसटीनं आल्यास महामार्गावरच्या नेवासा फाट्यावर उतरून गावात रिक्षानं यावं लागतं. आधी मोहिनीराजाचं अठराव्या शतकातलं देखणं दगडी मंदिर करून घ्या. मग प्रवरेकाठचा पैस खांब.

हा खांब ज्या मंदिराचा, ते करवीरेश्वराचं मूळ मंदिर आज नाही. खांबावर नंदादीपाच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. याला टेकून ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, पण त्यांत आपल्या आई-वडिलांच्या प्रायश्चित्ताचा हिशोब कुठं मांडलेला नाही. आणि शेवटी नऊ ओव्यांचं पसायदान.

काल ज्या रांगेत उभं होतो तिथलं मागणं कानात ताजं असतानाच पसायदानाची दुसरी ओवी म्हणून बघावी: ‘जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥’ खळ नाहीसे होवोत, असं ते म्हणत नाहीत. त्यांचं वाकडेपण गळून पडो, आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो. हे मागणारा, ज्याच्या आई-वडिलांना मरण सांगितलं गेलं, तोच मुलगा आहे. एरवी ही ओवी शाळेच्या प्रार्थनेतली म्हणून जिभेवरून घसरून जाते.

करून बघण्यासारखी एक गोष्ट. खांबापाशी बसून ‘खळांची’ या शब्दाच्या जागी मनात एकच नाव घ्यायचं, आपल्याला ज्यानं खरोखर दुखावलं त्याचं, आणि ओवी पूर्ण करायची. पहिला चरण सहज निघतो, त्याचं वाकडेपण जावं असं कुणालाही वाटतं. दुसऱ्या चरणाला जीभ अडखळते. चौथ्यापर्यंत, म्हणजे त्याच्याशी मैत्र जुळो इथवर, बहुतेकांना पहिल्या खेपेत पोचता येत नाही. नाही पोचता आलं तर जबरदस्ती करू नये. पहिल्या चरणावर थांबावं. खोटी क्षमा उच्चारण्यापेक्षा अर्धी ओवी खरी.

दुपार मंदिराच्या आवारातच काढावी, संध्याकाळी रंग ओसरल्यावर निघावं. रस्ता भेंडे, कुकाणे, शेवगाव असा पैठणला जातो. षष्ठीच्या आदल्या रात्री पैठणात खोली मिळत नाही, शेवगावात मुक्काम सोपा पडतो. दिंड्या याच रस्त्यानं चालत असतात, गाडी सावकाश हाकावी.

पाचवा दिवस, वद्य षष्ठी: पैठण

नाथांची ठिकाणं दोन. गावातला वाडा, जिथं ते राहिले. आणि गोदाकाठचं समाधी मंदिर. १५९९ साली याच तिथीला त्यांनी देह ठेवला. षष्ठीला समाधीची रांग काही तासांची होते. वाडा पहाटे आणि समाधी रात्री उशिरा, हा क्रम सोयीचा. वाड्यात श्रीखंड्यानं, म्हणजे कथेप्रमाणे नाथांकडं गडी होऊन राहिलेल्या देवानं, पाणी भरलेला रांजण आहे. उत्सवात तो भरण्यासाठी घागरी घेऊन माणसं येतात, आणि ज्याच्या घागरीनं तो ओसंडतो त्याचा मान होतो.

अंगावर थुंकणाऱ्याची कथा गोदावरीच्या वाटेवरची. नाथ स्नान करून परतताना वरून एक यवन थुंकायचा, नाथ पुन्हा नदीवर. असं एकशे आठ वेळा. एका खेपेला दहा मिनिटं धरली तरी अठरा तास होतात, तेव्हा हा आकडा घड्याळाचा नव्हेच. एकशे आठ हे जपमाळेचे मणी. कथा सांगणाऱ्यानं थुंकीची मोजदाद माळेवर केली: प्रत्येक अपमान एक मणी, प्रत्येक मण्याला एक स्नान. थुंकणारा दमला आणि पाया पडला, तेव्हा नाथ म्हणाले, तुझ्यामुळं आज इतकी स्नानं घडली.

दुसरी कथा कमी सांगितली जाते, पण अधिक कामाची आहे. नाथांना राग आणून दाखवशील तर दोनशे रुपये, असं आमिष कुणी एका गरजू ब्राह्मणाला दाखवलं. तो थेट येऊन नाथांच्या मांडीवर बसला. नाथ म्हणाले, भेटीची इतकी ओढ आजवर कुणाची पाहिली नाही. जेवताना गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तसा तो त्यांच्या पाठीवर चढला. सांभाळ, पडेल, असं नाथांनी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे. हरी म्हणजे त्यांचा मुलगा. शेवटी ब्राह्मणानं खरं सांगितलं, तेव्हा नाथांनी उलट हळहळ केली: आधी बोलला असतास तर रागावलो असतो, तुझे पैसे तरी सुटले असते! देहूत हात चेपले, इथं दोनशे रुपये बुडाल्याचं वाईट वाटलं. दोन्हीकडं लक्ष समोरच्याच्या नुकसानीकडं.

घाटावर उतरताना जपावं, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. पाणी किती असेल हे वरच्या जायकवाडी धरणातून किती सोडलंय त्यावर अवलंबून. उत्सवात कमी असलं तरी मधेच वाढू शकतं, म्हणून पात्रात आत जाऊ नये. नागघाटावर रेड्यानं वेद म्हटल्याची जागा दाखवतात. ज्ञानोबा आणि त्यांची भावंडं ज्या पैठणकरांकडं शुद्धिपत्र मागायला आली, ते हेच गाव. आणि तीनशे वर्षांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढलं म्हणून नाथांना वाळीत टाकणारंही हेच. आज तेच गाव दिंड्यांना पाणी वाटत उभं असतं.

उत्सवात रात्री छबिना, म्हणजे मिरवणूक, निघते. सप्तमीला कीर्तनं, अष्टमीला काल्याची दहीहंडी आणि उत्सव संपतो. काल्यानंतर बसस्थानकावर दोन-तीन तास उभं राहायची तयारी हवी. त्याऐवजी सप्तमीला सकाळी आपेगाव करून यावं. ज्ञानोबांचं हे जन्मगाव गोदाकाठीच आहे, आणि तिथून परतताना पैठणात न शिरता परस्पर संभाजीनगरची वाट धरता येते.